उल्हास नदीची इयत्ता

मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी उल्हास नदीचे दोन तुकडे होतात. वरच्या अंगाला अडवलेलं गोडं पाणी, खालच्या अंगाला दिवसातून दोनदा चढणारी भरती आणि मचूळ खाडी. लोक त्याला एनआरसीचा बंधारा म्हणतात. ज्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनवरून हे नाव पडलं, तो कारखाना २००९ साली बंद पडला. नाव मात्र राहिलं. सरकारी कागदावर याच बंधाऱ्यावरून एक रेघ जाते. रेघेच्या वर नदी ‘अ-दोन’, म्हणजे शुद्ध करून पिण्याजोगी. खाली खाडी सुरू होते आणि तिचे वर्गच निराळे: ‘एसडब्ल्यू’ या अक्षरांपासून सुरू होणारे, मिठागरांपासून जहाजांच्या वाहतुकीपर्यंत पाच.

वाहत्या पाण्याला शाळकरी पोरासारखं इयत्तेत बसवायची ही कल्पना फार जुनी नाही. पण पाण्याची प्रतवारी मात्र नदीकाठी कायमच होती. गावाच्या वरच्या अंगाला प्यायच्या पाण्याचा पाणवठा, त्याखाली गुरांचा, त्याखाली धुण्याचा. प्रवाहाची दिशा ठाऊक असली की एवढी व्यवस्था कुणीही लावतो. तिच्या जोडीला दुसरी, ओंगळ व्यवस्थाही होती. कुठल्या पाणवठ्यावर कोण उतरेल हे जात ठरवायची. उल्हासच्या दक्षिणेला, त्याच कोकणात, महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं ते याच व्यवस्थेविरुद्ध. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झालेला होता, तरीही तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. आधी प्रश्न होता पाणी कुणाचं. पाणी कशासाठी, हा प्रश्न सरकारदरबारी पोचायला आणखी चाळीसेक वर्षं लागली, आणि तोवर उल्हासच्या खोऱ्यात बरंच काही घडून गेलं होतं.

उल्हास राजमाची-खंडाळ्याच्या दऱ्यांतून उतरते आणि कर्जत, वांगणी, बदलापूर करत कल्याणला खाडीला मिळते. वाट सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरची. सह्याद्रीच्या पश्चिमेच्या बहुतेक नद्या होळीनंतर दगडांवर येतात. उल्हास येत नाही, याचं श्रेय निसर्गाला कमी आणि विजेला जास्त. इंद्रायणीला मिळणाऱ्या आंद्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडीचं धरण बांधलं, घाटावरून पूर्वेला जाणारं ते पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवलं आणि १९२२ साली भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं. जनित्रं फिरवून झालेलं पाणी पेज नदीत आणि तिथून उल्हासात येतं. म्हणजे बंगालच्या उपसागराला जायचं पाणी ऐन उन्हाळ्यात बदलापूरच्या नळाला येतं. बारमाही नदी दिसली की कारखाने येतात, तसे इथेही आले.

अंबरनाथची गोष्ट त्याहून जुनी. शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा लेख असलेलं शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठावर उभं आहे. वालधुनी अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरातून निघते. रेल्वेने तिच्या उगमाकडे वाफेच्या इंजिनांसाठी तलाव बांधला. ‘जीआयपी टँक’ हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं नाव तो आजही मिरवतो. पुढे १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट बनवायला घेतलं. मागोमाग विमकोची आगपेटी, आणि स्वातंत्र्यानंतर दारूगोळ्याचा सरकारी कारखाना. उल्हासच्या काठी शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी. पाण्याजवळ राहायचं ते दोन कारणांसाठी. एक पाणी घ्यायला, दुसरं पाणी सोडायला.

मग माणसं आली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीत घर सुटलेले सिंधी निर्वासित उतरवले गेले, लाखाच्या घरात. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचं उल्हासनगर झालं. नाव दिलं ते उल्हास नदीचं, आणि शहराच्या मधोमध वाहते ती वालधुनी. हा विनोद तेव्हा कुणाच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही, पण पुढच्या सत्तर वर्षांची सगळी गोष्ट त्यात आहे. एका नदीचं नाव घ्यायचं, तिचं पाणी प्यायचं, आणि घाण दुसरीत सोडायची.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि अंबरनाथ-बदलापूरच्या माळांवर भूखंड पडू लागले. त्यांच्या पाण्यासाठी बारवी नदीवर धरण झालं. बारवीचं पाणी जांभूळजवळ उल्हासाला मिळतं आणि तिथून उचललं जातं. बदलापूरच्या बॅरेजवर बदलापूर-अंबरनाथचं पाणी, शहाडला ‘स्टेम’ या पाणीपुरवठा कंपनीचं, मोहन्याला कल्याण-डोंबिवलीचं. दहा-पंधरा मैलांच्या पट्ट्यात एवढे पंप, आणि त्याच पट्ट्यात दोन्ही काठांनी उतरणारे नाले.

कायदा आधी मुंबईत झाला. देशाचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा, पण महाराष्ट्राने आपला १९६९ सालीच केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमलं. गंमत अशी, की आपला कायदा आधी असल्यामुळे केंद्राचा कायदा राज्याने स्वीकारला तो थेट १ जून १९८१ ला. केंद्रीय कायद्याच्या १७ व्या कलमात राज्य मंडळाची कामं सांगितली आहेत. सांडपाण्याची मानकं ठरवणं वगैरे मजकुराच्या शेपटाला चार शब्द जोडलेले आहेत: राज्यातल्या पाण्याचं वर्गीकरण करणं. उल्हासची इयत्ता या चार शब्दांतून निघाली.

इयत्ता ठरवायला परीक्षा हवी, आणि परीक्षेचा पेपर विलायतेतून आलेला आहे. सांडपाण्यासाठी नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशनने १९१२ सालच्या आठव्या अहवालात नद्यांचे पाच प्रकार पाडले: फार स्वच्छ, स्वच्छ, बऱ्यापैकी स्वच्छ, संशयास्पद आणि वाईट. मोजपट्टी एकच. पाण्यातली घाण खाताना जंतू किती प्राणवायू संपवतात, म्हणजे आज सगळ्या अहवालांत ज्याला बीओडी म्हणतात ती. चाचणी पाच दिवसांची ठेवली. पाचच का, तर इंग्लंडातल्या नदीचं पाणी समुद्राला पोचायला त्याहून जास्त वेळ लागत नाही, असं सांगतात. आपल्याकडे कितीतरी वर्षं बाटल्या वीस अंशांना थंड करून पाच दिवस ठेवल्या जात होत्या. नव्वदीत कुठे भारतीय मानकात सत्तावीस अंश आणि तीन दिवस आले. नदी कोकणातली आणि हवा थेम्सची, असा तो प्रकार होता.

प्राणवायू मोजायची जुनी रीत मात्र बघण्यासारखी आहे. तीनशे मिलीलीटरची, घासलेल्या काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न येऊ देता नदीच्या पाण्यात बुडवून भरायची. लगेच, काठावरच, तिच्यात मँगेनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड थेंबाथेंबाने सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असला तर आत तपकिरी साका धरतो, चहाच्या चोथ्यासारखा, आणि हळूहळू तळाला बसतो. प्राणवायू नसला तर साका पांढरा राहतो. पुढे प्रयोगशाळेत आम्ल घालून, स्टार्चचा निळा रंग उडेपर्यंत थेंब मोजून नेमका आकडा काढतात. पण मेलेल्या पाण्याचा निकाल काठावर, बाटलीच्या रंगातच लागलेला असतो. त्याला सही-शिक्का लागत नाही.

केंद्रीय मंडळाने ठरवलेल्या इयत्ता पाच. ‘ए’ म्हणजे नुसतं निर्जंतुक करून पिता येईल असं पाणी: प्राणवायू लिटरला किमान ६ मिलिग्रॅम, बीओडी २ पेक्षा जास्त नको. ‘बी’ अंघोळीचं, ‘सी’ तुरटी-गाळणी-क्लोरीन करून पिण्याचं, ‘डी’ मासे आणि वन्यजीवांचं, ‘ई’ शेतीचं आणि कारखान्यांतली यंत्रं थंड करायचं. यादी वाचणारा पहिल्या फटक्यात अडखळतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर. अंघोळीचं पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षा वरचं कसं? अंघोळीच्या शंभर मिलीलीटर पाण्यात कोलिफॉर्म जंतू पाचशेपर्यंत चालतात, आणि पिण्यासाठी उचलायच्या पाण्यात पाच हजारांपर्यंत. कारण सरळ आहे. डुबकी मारणाऱ्याच्या तोंडात जाणारा घोट आणि नदी यांच्यात कुणी उभं नसतं. नळाच्या घोटाआधी शुद्धीकरण केंद्र उभं असतं. म्हणजे ‘सी’ इयत्ता ही अर्धी नदीची आहे आणि अर्धी जांभूळ-मोहन्याच्या केंद्रातल्या कामगारांची.

माशांचं पान त्याहून बोलकं आहे. ‘डी’ला प्राणवायू किमान ४ हवा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या वर नको. त्यात बीओडीची मर्यादा नाही. पाच इयत्तांच्या या मूळ निकषांत नायट्रेट-फॉस्फेटचा उल्लेखही नाही. शिवाय रात्रंदिवस पाण्यात राहणारा मासा आणि महिन्यातून एकदा भरलेली बाटली यांचा मेळ बसत नाही. दुपारी शेवाळ ऊन खात असताना पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, पहाटे तो तळाला जातो, आणि नमुना घेणारा माणूस पहाटे येत नाही. पावसाळ्यात तर सगळ्याच नद्या पहिल्या नंबराने पास होतात.

महाराष्ट्राने आपल्या इयत्ता वेगळ्या लिहिल्या: अ-एक ते अ-चार. अ-एक थेट उगमाकडचं पाणी, अ-दोन प्रक्रिया करून पिण्याचं, अ-तीन माणसाला न चालणारं पण माशांना चालणारं, अ-चार शेती-उद्योगाचं. मासा आणि माणूस यांत मासा खालच्या बाकावर, हे दोन्ही यादींत सारखंच आहे. आणि मग राज्याने असं काही केलं, जे केंद्राच्या पाच अक्षरांनी कधी केलं नव्हतं. इयत्तेला जमीन जोडली.

जुलै २००० च्या नदी नियमन क्षेत्र धोरणाने सांगितलं की नदी अ-एक असेल तर दोन्ही काठांना तीन किलोमीटरपर्यंत कारखाना नको आणि जास्त प्रदूषण करणारे ‘लाल’ कारखाने आठ किलोमीटरच्या पलीकडेच. अ-दोनला एक किलोमीटर मोकळं, लाल कारखाने दोन किलोमीटरनंतर. खालच्या वर्गांना अंतर आणखी कमी. २००९ साली त्यात दुरुस्ती झाली, पण गाभा तोच राहिला. आजवर प्रयोगशाळेच्या वहीत पडून असलेलं एक अक्षर आता सातबाऱ्याच्या भावात बोलू लागलं. अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या वसाहतींना त्याने हलवलं नाही, ते शक्यही नव्हतं. पण नवा भूखंड मागणाऱ्याला नदी कुठून जाते हे आधी विचारावं लागत होतं. धोरण आंधळं होतं, असं उद्योजक म्हणत. पाणी कसं सोडता ते बघा, किती दूर बसता ते काय बघता, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. पण तो करणाऱ्याने वालधुनीच्या पुलावर एकदा उभं राहावं.

कारण वालधुनी ही या वर्गीकरणाची उघडी पडलेली बाजू आहे. वर्ग ठरतो वापरावरून. ज्या पाण्यावर पंप आहे, त्याला कुणीतरी वाली असतो. पंपाच्या मालकाला तक्रार करता येते. वालधुनीवर पंप नव्हता. तिच्यातून कुठल्या शहराला नळ नव्हता. अंबरनाथचे रसायनांचे कारखाने, उल्हासनगरचं मैलापाणी, जीन्स धुण्या-रंगवण्याच्या गाळ्यांतला निळं-काळं धोवण, हे सगळं घेऊन ती शिवमंदिराजवळून कल्याणच्या खाडीला जायची. शहरं तिला नदी म्हणेनाशी झाली होती. नाला म्हटलं की काम सोपं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये रात्रीच्या वेळी टँकरमधून तिच्यात रासायनिक कचरा ओतला गेला आणि उल्हासनगरच्या वडोल गाव परिसरात वायूने शेकडो माणसं अस्वस्थ झाली. डोळे चुरचुरणारी, उलट्या करणारी माणसं रात्रीत रुग्णालयांत न्यावी लागली. माणसांच्या वापरात नसलेलं पाणी माणसांच्या घरात असं शिरलं.

त्यानंतरचे आठ महिने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य सरकारने नदी नियमन क्षेत्राचं धोरणच रद्द केलं. उद्योगांसाठी दारं उघडण्याचे ते दिवस होते, आणि अंतराची अट ही त्या दारातली अडगळ ठरली. जुलै २०१५ मध्ये ‘वनशक्ती’ या संस्थेच्या २०१३ सालच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाचा निकाल आला. उल्हास आणि वालधुनीची हानी भरून काढण्यासाठी डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरची सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली यांसह काठच्या पालिका यांच्यावर मिळून शंभर कोटींच्या घरातली रक्कम बसवली गेली. एका हाताने काठ मोकळा केला, दुसऱ्या हाताने काठावरच्यांना बिल दिलं. त्या निकालाचं महत्त्व रकमेपेक्षा वेगळं होतं. वालधुनीचं नाव उल्हासच्या बरोबरीने नदी म्हणून लिहिलं गेलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुढच्या काही वर्षांत उल्हासनगरच्या जीन्सच्या धुलाई कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली. हजारो हातांचं काम गेलं, आणि काही गाळे शेजारच्या अंबरनाथ तालुक्यातल्या गावांकडे सरकले. ज्या कामगारांनी शहराला जीन्सचं नाव मिळवून दिलं, त्यांना कुणी इयत्ता लावून बघितलं नाही. शहाडजवळ उल्हासाला मिळणाऱ्या खेमानी नाल्याचं पाणी उपसा केंद्राच्या तोंडाशी जातं, म्हणून तो नाला वळवायचा प्रकल्प हाती घेण्यात आला.

पारा ही या सगळ्याच्या तळाशी बसलेली गोष्ट. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा लागायचा आणि थोडा थोडा सांडायचा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उल्हासच्या खाडीतला गाळ उकरून त्यातला पारा मोजला आहे. बीओडीच्या बाटलीत तो दिसत नाही. पाच इयत्तांच्या मूळ निकषांतही तो नाही.

२०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक. कसोटी साधी ठेवली होती: बीओडी ३ च्या वर गेला, म्हणजे अंघोळीचीही पात्रता गेली, की पट्टा यादीत. हरित लवादाने त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये प्रत्येक राज्याला या पट्ट्यांसाठी कृती आराखडे करायला लावले. उल्हासचाही आराखडा झाला, त्यात प्रक्रिया केंद्रांची क्षमता, नाल्यांची नावं, खात्यांच्या जबाबदाऱ्या रकान्यांत भरल्या गेल्या.

आणि २०२१ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला नदीच हिरवी झाली. जलपर्णीने मोहन्याच्या बाजूचं पात्र असं झाकून टाकलं की वरून बघणाऱ्याला तिथे शेत वाटावं. मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन ती वाढते. पाच इयत्तांच्या मूळ निकषांत मात्र त्या खताचा रकानाच नाही. पंपांच्या जाळ्यांत पानं अडकू लागली, काठावरचे लोक आंदोलनाला बसले, यंत्रं लावून जलपर्णी उपसण्यात आली. खाली सावलीतल्या पाण्यात प्राणवायू किती उरला होता, हे मासे सांगू शकले असते.

२०१८ च्या त्या यादीत उल्हासच्या नावापुढे पट्टा लिहिला आहे: मोहने ते बदलापूर. बदलापूरचं बॅरेज, जांभूळचं केंद्र, शहाडचा उपसा आणि कल्याण-डोंबिवलीचं मोहन्याचं पाणी, हे सगळं याच पट्ट्यातून उचललं जातं.